परसबागेची सुरुवात मेथी-कोथिंबिरीपासून

दसऱ्याच्या सुमाराला परतीचा पाऊस ओसरतो. परसबाग किंवा गच्चीवरची बाग पहिल्यांदा करू पाहणाऱ्यासाठी हेच दिवस उत्तम. हौस टोमॅटो-मिरचीची असते, पण ती पिके तीन-चार महिने राबवून घेतात आणि पांढरी माशी, बोकड्या मागे लागतात. नवख्याने पालेभाज्याच घ्याव्यात. मेथी ४-५ दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते.

आधी ऊन पाहा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मे महिन्यात सावलीत राहणारी दक्षिणेची गॅलरी आता चांगली तापते, उत्तरेच्या गॅलरीत मात्र थेट ऊन जवळपास येतच नाही. पालेभाजीला ४-५ तास ऊन हवेच.

खोल कुंड्यांवर खर्च नको. ६ ते ८ इंच खोलीचा ट्रे किंवा टब पुरतो, तळाला भोके मात्र हवीत. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. कच्च्या शेणखतातून हुमणी येते, ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

कोथिंबिरीला थोडा धीर लागतो. धना म्हणजे फळ, त्यात दोन बिया असतात. म्हणून स्वयंपाकघरातलेच धने घेऊन लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा. भुगा होऊ देऊ नका. रात्रभर भिजवून, निथळून अर्धा इंच खोल ओळीत पेरा. ऑक्टोबरचे ऊन कडक असेल तर उगवेपर्यंत वर ओले गोणपाट अंथरा आणि पहिले कोंब दिसताच काढा. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. पुष्कळ जण सहाव्या दिवशीच माती उकरून बघतात आणि फुटलेले कोंब मोडतात. कृपा करून तसे करू नका.

नव्या बागेत रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. बोट पेरभर मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही.

सगळे बी एकदम पेरू नका. दर पंधरवड्याला एक ट्रे पेरत गेलात तर फेब्रुवारीपर्यंत ताजी भाजी मिळत राहील.