गणित आणि आकाश यांचा मेळ

कोहमाऱ्याच्या आपल्या निवासी शाळेत रात्रीचा अभ्यास आटोपला की मुले अंगणात येऊन आकाश न्याहाळतात. ‘मंगळ पुढच्या महिन्यात कोठे दिसेल, हे आधीच कसे सांगतात?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर आम्ही येथे मांडीत आहोत.

ग्रहाची गती ठाऊक असली म्हणजे त्याचे पुढील स्थान गणिताने काढता येते. परंतु त्या गतीत वर्षाला अवघ्या ६ विकलांची चूक राहिली, तरी ६०० वर्षांत ती ३६०० विकला, म्हणजे पूर्ण १ अंश होते. चंद्राची जवळजवळ दोन बिंबे शेजारी मावतील एवढे हे अंतर! म्हणून ग्रंथ कितीही आदरणीय असला, तरी तो आकाशाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहावा लागतो.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी हेच केले. १५२० च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथात त्यांनी गणिताच्या एकाच परंपरेचा आग्रह धरला नाही. सूर्य त्यांनी सौरपक्षाचा घेतला. गुरू व मंगळ आर्यपक्षाचे घेतले. शनीसाठी मात्र आर्यपक्षाच्या गणितात ५ अंश मिळवले. शिवाय ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून रीत सोपी केली.

ही दुरुस्ती मोलाची होती. पण फरक का पडतो, हा प्रश्न उरतोच. प्रागमध्ये योहानेस केप्लरला मंगळाच्या गणितात व वेधांत ८ कलांचा फरक आढळला. तो त्याने झाकला नाही. वर्तुळाचा हट्ट सोडून त्याने कक्षा लंबवर्तुळाकार मानली आणि १६०९ मध्ये आपला सिद्धांत प्रसिद्ध केला.

हे नवे ज्ञान आपल्याकडेही आले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत सिद्ध केली. पुढे शाळेत शिकवणाऱ्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ रचून पंचांगाचे गणित आकाशाशी जुळते केले.

आपली मुले मात्र उत्तर जुळले नाही की ते खोडून पुस्तकामागील उत्तर लिहितात. पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की अशा वेळी मुलाला रागावू नये. फरक किती व कोठून आला, हे त्याच्याजवळ बसून शोधावे. ८ कलांचा फरक खोडला गेला असता, तर ग्रहांची खरी वाट तेव्हा सापडली नसती.