रिपोर्ट नॉर्मल आला, दुखणं थांबलं नाही

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे डोकं दुखायला लागलं, त्याचं मला काहीच विशेष वाटलं नाही. तीन दिवसांची जागरणं, सोळा भाज्यांचा स्वयंपाक, माणसांची ये-जा. त्याआधी हरतालिकेचा निर्जळी उपवास झालेला. डोकं दुखणारच. एक गोष्ट मात्र मी कुणाला बोलले नव्हते. पाळी नेमकी गौरीत येऊ नये म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या. दिवसाला तीन, सलग बारा दिवस. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आमच्या आळीत सणासुदीला कितीतरी बायका घेतात. लपवायचं म्हणून लपवलं नाही. ते औषध आहे हेच मनात आलं नाही.

घरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी दुखणं वाढलं. आडवं झालं की ठणका, उठून बसलं की जरा उतार, खोकला आला की कवटी फुटेल असं वाटायचं. तालुक्याच्या गावी जाऊन सीटी स्कॅन काढला. चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘डोकेदुखी, सीटी ब्रेन’. संध्याकाळी रिपोर्ट आला, नॉर्मल. घरातल्या सगळ्यांनी निःश्वास टाकला, मीही टाकला. पण त्यानंतर डोकं दुखतंय म्हणायची मलाच चोरी झाली. ‘मशीननं सांगितलंय ना काही नाही म्हणून,’ असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं चूक आहे असं मलाही वाटलं नाही. चार दिवस मी तोंड मिटून काढले.

पाचव्या दिवशी वह्या तपासताना अक्षरांना सावल्या दिसायला लागल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून जाऊबाई मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवलं आणि अगदी जवळ येऊन बराच वेळ आत पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, ‘ताई, नंबर तोच आहे. पण दोन्ही डोळ्यांच्या मागे नसेला सूज आहे. डोक्यात दाब वाढला की अशी सूज येते. सध्या कुठल्या गोळ्या घेताय? पाळीच्या, गर्भनिरोधक, कुठल्याही?’

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला.

त्यांनी अर्धं पान चिठ्ठी लिहिली. दुखणं किती दिवसांचं, आडवं झाल्यावर वाढतं, उपवास, हार्मोनच्या गोळ्या, नसेची सूज. आणि खाली ‘एमआरआय ब्रेन, सोबत एमआर व्हेनोग्राफी’. त्याच रात्री मला शहरातल्या रुग्णालयात दाखल केलं. निदान झालं सेरेब्रल व्हीनस सायनस थ्रोम्बोसिस, म्हणजे मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी.

न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. बायका जिथे भांग पाडतात, बरोबर त्याच्या खाली, कवटीच्या आतून कपाळापासून डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत एक मोठी शीर जाते. मेंदूत आलेलं बरंचसं रक्त तिच्यातून परत फिरतं. तीच तुंबली तर रक्त येत राहतं, पण निघून जायला वाट उरत नाही, आणि आतला दाब चढतो. आडवं झालं की निचरा आणखी मंदावतो, म्हणून झोपल्यावर ठणका. वेळेत कळलं नाही तर फिट येते, हातपाय लुळे पडतात, मेंदूत रक्तस्राव होतो, नजर कायमची जाऊ शकते.

मग सीटीत का दिसलं नाही, असं मी चिडूनच विचारलं. त्यांनी पहिली फिल्म उजेडावर धरली. साध्या सीटीत ताजा रक्तस्राव, मोठी गाठ, कवटीचं हाड चांगलं दिसतं. या आजारात मात्र तो पुष्कळदा नॉर्मलच येतो. ताजी गुठळी जराशी पांढरी दिसते, पण काही दिवसांनी तिचा रंग आजूबाजूसारखाच होतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं तर भोवतालचं रक्त उजळतं आणि गुठळीच्या जागी काळा त्रिकोण राहतो. पण ते देण्यासाठी आधी कुणाच्या तरी मनात शंका यावी लागते. ज्याच्या हातात नुसतं ‘डोकेदुखी’ लिहिलेला कागद येतो, तो रक्तस्राव आणि गाठ शोधतो. ते माझ्या डोक्यात नव्हतं. रिपोर्ट खरा होता, फक्त तो विचारलेल्या प्रश्नापुरता खरा होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं तपासणीच्या चिठ्ठीबद्दल आहे. ती हातात पडली की वाचा. दुखणं कधीपासून, कशानं वाढतं, बाळंतपण, गर्भपात, उपवास, जुलाब, कुठलीही हार्मोनची गोळी, हे त्यात आलंय का बघा. नसेल तर डॉक्टरांना लिहायला सांगा, आणि स्कॅनआधी टेक्निशियनलाही तोंडी सांगा. ‘पाळीच्या गोळ्या’ सांगायला लाजू नका, पुरुष डॉक्टर असले तरी. आणि रिपोर्ट नॉर्मल येऊनही त्रास वाढत असेल तर त्याच डॉक्टरांकडे परत जाऊन विचारा, ‘या तपासणीत काय दिसू शकत नाही?’ हा उद्धटपणा नव्हे. चांगला डॉक्टर या प्रश्नावर थांबून विचार करतो.

याचा अर्थ डोकं दुखलं की एमआरआयला धावा, असा मुळीच नाही. पक्षाघाताच्या शंभर रुग्णांत या आजाराचा जेमतेम एखादा असतो. पण कधी नव्हे असं, दिवसागणिक चढणारं दुखणं, आडवं झाल्यावर वाढणारं, सोबत उलट्या, अंधुक किंवा दुहेरी दिसणं, फिट, एका बाजूला अशक्तपणा, यातलं काही असेल तर वाट बघू नका. बाळंतिणीनं तर नाहीच. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका वाढलेला असतो, आणि तिचं दुखणं आपल्याकडे हमखास वारं लागलं, जागरण झालं यावर घालवतात. जवळपास मोठी सोय नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नसेची सूज तपासून घेता येते. माझा जीव त्या थेंबांनीच वाचवला.

माझं हिमोग्लोबिन नऊ निघालं, बी-१२ खूप कमी. रक्तक्षय आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्हींनी गुठळीचा धोका वाढतो. बी-१२ कमी असलं की होमोसिस्टीन वाढतं, तेही त्यात भर घालतं. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीतल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. बहुतेकींना काही होत नाही. पण आधी गुठळी झाली असेल, आईला-बहिणीला झाली असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आणि घेतलीत तर त्यावर निर्जळी उपवास तरी करू नका.

पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, मग सहा महिने गोळ्या, असे उपचार झाले. तीन महिन्यांनी सोयीचं म्हणून दुसऱ्या सेंटरमध्ये व्हेनोग्राफी केली, तर रिपोर्टात लिहिलेलं: डाव्या बाजूच्या शिरेत गुठळी कायम. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मॅडमनी जुन्या आणि नव्या सीडी शेजारी शेजारी लावल्या. डावी शीर पहिल्या दिवशीही तेवढीच बारीक होती. ती जन्मजात. पुष्कळ माणसांची ती बाजू अशीच असते. माझी काढली त्या पद्धतीच्या व्हेनोग्राफीत वाहतं रक्तच उमटतं. ते मंद वाहत असलं की तिथे शीरच नाही असा भास होतो. इतर चित्रांत गुठळीचा मागमूस नव्हता. जुनी सीडी मी फेकून दिली असती तर हे कशावरून ठरवलं असतं? तेव्हापासून फिल्म, सीडी, चिठ्ठ्या सगळं एका पिशवीत ठेवते. नुसता रिपोर्टचा कागद नाही, चित्रंसुद्धा. बाहेरगावी जातानाही ती पिशवी बरोबर असते.

यंदा गौरी आल्या त्या दिवशीच सकाळी मला पाळी आली. सासूबाईंना सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग जाऊबाईंना हाक मारून म्हणाल्या, ‘मुखवटे तू बसव.’ आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.