घराचा हिशेब

(घर बांधण्यापूर्वी हिशेब का व कसा करावा, कोठे बचत करावी आणि कोठे करू नये, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, हिंगोली जिल्ह्यातील आपल्या गोरेगावात पावसाळा संपला की कोठे ना कोठे नव्या घराचा पाया खोदलेला दिसतो. विटा येतात, वाळू येते, गवंडी कामाला लागतात. घर हा बहुतेक कुटुंबांचा आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च असतो. तरीही पुष्कळ लोक या खर्चाचा हिशेब तोंडीच करतात.

आमचे घर बांधले तेव्हा मी सातवीत होतो. अब्बांनी हिशेब लिहिला नव्हता. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला आणि पैसे संपले. वायर, बटणे आणि नळ घ्यायचे राहिले होते. मग जी वायर सर्वांत स्वस्त मिळाली, ती अब्बांनी आणली. अर्थिंग केलेच नाही. पहिल्याच पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लागताच अम्मीला विजेचा झटका बसला. शेजाऱ्यांनी धावत येऊन मेन स्विच बंद केला, म्हणून तिचा जीव वाचला. पुढे भिंती फोडून सगळी वायर बदलावी लागली. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला.

अब्बा कंजूष नव्हते. त्या वेळी त्यांच्याजवळ पैसेच उरले नव्हते. घरात वायर, नळ आणि संडास यांचे काम शेवटी येते. म्हणून पैसे कमी पडले की त्यांनाच कात्री लागते. हे टाळायचे असेल तर आधी कागद आणि पेन्सिल घ्यावी.

समजा, एका कुटुंबाजवळ ६,००,००० रुपये आहेत. वस्तूंचे भाव मध्येच वाढतात, एखादे काम दोनदा करावे लागते. म्हणून दहावा भाग, म्हणजे ६०,००० रुपये, बाजूला ठेवावा. उरले ५,४०,००० रुपये. वायर, नळ, संडास हे सर्व धरून एका चौरस फुटाला १,३५० रुपये खर्च येतो असे मानू. (हा दर उदाहरणासाठी घेतला आहे. गावातील दर विचारून लिहावा.) ५,४०,००० ला १,३५० ने भागले की ४०० येतात. या कुटुंबाने ४०० चौरस फुटांचे घर बांधावे. त्यांनी ५०० चौरस फुटांचे काम काढले, तर ६,७५,००० रुपये लागतील. बाजूला ठेवलेले पैसे घातले तरी ७५,००० रुपये कमी पडतील.

घर लहान असले तर लाजण्याचे कारण नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातील घरकुलाचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, ठरवले गेले. तेवढ्या जागेतही मजबूत घर होते.

आता बचत कोठे करू नये, ते पाहू. जे मातीत किंवा भिंतीत लपते, तेथे बचत करू नये. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोदावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड छते कोसळून हजारो माणसे मरण पावली. आपल्या हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी भूकंपाचे धक्के बसले. म्हणून दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींवर सळई आणि काँक्रीटचा सलग पट्टा घालावा. तो गिलाव्याखाली दिसत नाही, पण भिंतींना बांधून ठेवतो. काँक्रीटवर किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे. नाहीतर चांगले सिमेंटही कच्चे राहते.

वायर, बटणे, सळई आणि सिमेंट घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्युरो करतो. चिन्ह मात्र जुनेच राहिले. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. विजेच्या वायरीवर तो ६९४ असतो. चिन्हाखाली कारखान्याचा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर परवाना क्रमांक तपासावा आणि दुकानदाराकडून पक्की पावती घ्यावी. अर्थिंग करावेच. वीज गळू लागताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी नावाचे यंत्रही बसवावे. आमच्या घरी ते असते, तर अम्मीवर तो प्रसंग आला नसता.

मग बचत कोठे करावी? रंग, फरशी, नक्षीचे फाटक, कपाटे या गोष्टी दोन वर्षांनी केल्या तरी चालते. भिंतीच्या आतली वायर मात्र भिंत फोडल्याशिवाय बदलता येत नाही.

मुलांनो, या पाठातील गणित तुम्हाला येते. उद्या तुमच्या घरी बांधकामाची गोष्ट निघाली, तर वही घेऊन अब्बांजवळ बसा. "वायर, नळ आणि संडास यांचे पैसे वेगळे ठेवले का?" असे अदबीने विचारा. तो एक प्रश्न कोणाचा तरी जीव वाचवू शकेल.

शब्दार्थ
पाया – बुनियाद
गवंडी – घर बांधणारा कारागीर, मिस्त्री
कात्री लागणे – खर्चात कपात होणे
मुरूम – काळ्या मातीखालचा कठीण थर
गिलावा – भिंतीवरचे प्लास्टर
मानक – ठरवून दिलेला दर्जा, मेयार
परवाना – इजाजतनामा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अम्मीला विजेचा झटका का बसला?
(आ) काळ्या जमिनीत पाया कोठपर्यंत खोदावा?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पैशांचा दहावा भाग बाजूला का ठेवावा?
(आ) आयएसआय चिन्ह कसे तपासावे?
३. 'कात्री लागणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. उपक्रम : आपल्या घरातील विजेच्या पाच वस्तूंवर आयएसआय चिन्ह आहे का, ते मोठ्या माणसांसोबत पाहा व वहीत नोंद करा. उघड्या तारांना हात लावू नका.