हात आवरायला शिकवू या

नाहूर-भांडुपच्या डोंगरालगतच्या पाड्यांवर भेटी देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हा पाठ.

खाज रात्री वाढत असेल आणि घरात इतरांनाही असेल, तर आधी खरजेची शंका घ्यावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्व कुटुंबाने एकाच वेळी औषध लावावे.

जुन्या इसबात मलमासोबत मनाचाही उपचार लागतो. खाजवल्याने त्वचा सोलते, पुन्हा खाज सुटते. चिंतेने ती वाढते. पुढे हात नकळत जातो. म्हणून रागावू नये. हात किती वेळा जातो, ते रुग्णाला मोजायला सांगावे. हात उठताच मूठ अर्धा मिनिट घट्ट आवळावी. तरीही खाज राहिली तर जागा नुसती दाबावी. मलम चालूच ठेवावे.

मन फार खचले असेल तर टेली-मानस, १४४१६, मोफत आहे.

इसब स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाशेजारी बसा, त्याच्या घरचा चहा घ्या.