उरलेली लोकर, सहाचा पाढा आणि घरच्यांसाठी भेट



बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एक पिशवी असते. स्वेटर, कानटोपी, बाळाचे मोजे विणून उरलेले लोकरीचे लहान लहान गुंडे त्यात पडलेले असतात. टाकून द्यायला जीव होत नाही आणि एका रंगात काही पूर्ण होईल इतकी लोकरही नसते. तिसरी-चौथीच्या मुलांना कार्यानुभवात क्रोशे शिकवायचं असेल तर नवीन लोकर आणायला सांगू नका, हीच पिशवी मागवा. पैसे वाचतात हे खरंच, पण माझं कारण वेगळं आहे. लोकर मोजकी असली की मुलाला आधी विचार करावा लागतो, की एवढ्यात काय होईल आणि ते कुणाला द्यायचं?

दोन सुयांच्या विणकामापेक्षा लहान मुलांना क्रोशे सोपं जातं. दोन सुयांवर ओळीतले सगळे टाके उघडे असतात. एक निसटला की खालपर्यंत शिडी उसवते आणि मूल रडकुंडीला येतं. क्रोशात सुईवर एकच फासा उघडा असतो. तास संपला की तो फासा ओढून मोठा करायचा आणि काम पिशवीत टाकायचं. चुकलं तर चुकलेल्या जागेपर्यंत उसवायचं आणि पुढे चालू.

पहिले दोन तास सुई देऊच नका. बोटानेच साखळी घालू द्या. साखळी सारखी यायला लागली की 4 किंवा 5 मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची, फिकट रंगाची लोकर द्या. काळ्या लोकरीत टाके आपल्यालाच दिसत नाहीत, तर मुलांना कुठून दिसणार? उजव्या हाताने काम करणाऱ्या मुलाला शेजारी बसवून दाखवा. डावखुऱ्याला समोर बसवा, म्हणजे तुमचे हात त्याला आरशातल्यासारखे दिसतात.

व्हिडिओ पाहून शिकवणाऱ्यांनी एक सांभाळा. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. आपला ‘मुका खांब’ तो हाच. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, म्हणजे आपला साधा ‘खांब’. वर्गात साखळी, मुका खांब, खांब हे आपलेच शब्द वापरले की गोंधळच होत नाही.

आता वर्तुळाकडे या. मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हा. मुक्या खांबांचं सपाट वर्तुळ विणायचं तर पहिल्या फेरीत 6 टाके, दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे 12, तिसरीत एकाआड एक टाक्यात वाढ म्हणजे 18, मग 24, मग 30. सहाचा पाढा हातात तयार होतो. खांब घातले तर सुरुवात साधारण 12 ने होते आणि बाराचा पाढा मिळतो. वाढ करायचं थांबलात तर कडा वर वळतात आणि वाटी होते. टोपी विणतात ती अशीच. उलट वाढ जास्त केली तर कडेला झालर येते. ती झालर बघून मुलं “बाई, बिघडलं!” म्हणतात. बिघडलेलं नसतं. डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अशीच टाके वाढवत जाणारी झालर विणून हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. चौथीला हा शब्द सांगायची गरज नाही, पण “किती टाके वाढवल्यावर झालर आली?” हे जरूर विचारा.

लोकर पुरेल का, हेही मुलांनाच काढू द्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वर्गात आणा. समजा गुंडा 20 ग्रॅमचा आहे आणि पट्टीच्या पाच ओळींनंतर तो 16 ग्रॅम उरला. मग आणखी किती ओळी होतील? इथे साधा भागाकार चालतो. वर्तुळात मात्र तो फसतो. पहिल्या पाच फेऱ्यांत 6 पासून 30 पर्यंत मिळून 90 टाके लागतात, पुढच्या पाच फेऱ्यांत 240. मुलांना आधी अंदाज करू द्या, मग बेरीज.

वस्तू लहानच निवडा. दोन फेऱ्यांचं वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना साखळी, झाली राखी. केसांच्या साध्या रबरावर दाट खांब घातले की बहिणीला भाऊबीजेची भेट तयार. आजोबांच्या चष्म्याची दोरी, पुस्तकातली खूण, बाटलीची पिशवी हेही होतं. (टीव्हीवर टाकायचा रुमाल आता कुणी विणत नाही, कारण टीव्हीच इतका पातळ झाला!) गरम भांडं धरायची पकड मात्र या लोकरीची करू नका. आपण ‘लोकर’ म्हणतो ती बरेचदा अ‍ॅक्रिलिकची असते, जास्त उष्णतेने वितळते. पकडीला सुती दोराच हवा. तान्ह्या बाळाच्या वस्तूला लांब दोऱ्या, मणी, बटणं नकोत.

पालकहो, आता तुमच्याशी. वस्तू तुम्ही विणून देऊ नका. सुबक, एकसारखी वस्तू वर्गात आली की ती कुणी केली हे आम्हाला पहिल्या नजरेतच कळतं, आणि शेजारी वाकडी पट्टी घेऊन बसलेलं मूल आपली पट्टी दप्तरात लपवतं. म्हणून या कामाला मी गुणच ठेवत नाही. “मुलग्याच्या हातात सुई कशाला?” असंही एका वडिलांनी विचारलं होतं. मी त्यांना मुलाच्या वहीतला फेऱ्यांचा तक्ता दाखवला. आणि क्रोशे म्हणजे नुसता रिकाम्या वेळचा उद्योग नव्हे. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाची लेस विकून कित्येक कुटुंबांनी दिवस काढले. आजही बाजारातली क्रोशाची टोपी कुणीतरी हातानेच विणलेली असते. स्वतः पाच फेऱ्या घातलेलं मूल तिची किंमत ऐकून “इतकी कमी?” असं विचारतं.

पिशवी मागवताना थोडं जपून. मागच्या वर्षी एका मुलीने निळा गुंडा आणला, पण कापू देईना. आजीने तिच्यासाठी घातलेल्या स्वेटरची ती लोकर होती, आणि आजी आता नव्हती. अशा वेळी आग्रह नको. तिने दुसऱ्या लोकरीची चौकट विणली आणि शेवटची एकच फेरी निळ्या लोकरीची घातली, आईसाठी. उरलेला गुंडा घरी परत गेला.

रंग बदलताना दोन्ही टोकं बोटभर लांब ठेवून बोथट सुईने टाक्यांत ओवून घ्या, नुसती गाठ कधीतरी सुटते. गडद लाल लोकर पांढऱ्याशेजारी घालण्याआधी तिचा तुकडा भिजवून बघा. आणि सणाच्या दिवशी वस्तू अर्धीच झालेली असेल तर ती सुईसकट द्यायला सांगा. राहिलेल्या फेऱ्या ज्याची भेट त्याच्यासमोर बसून विणता येतात.