नवं पोरगं की मुरलेला गडी

विरारच्या गाडीत क्रिकेटवर बोलायला ओळख लागत नाही. नालासोपाऱ्याला चढलेला माणूस वसईपर्यंत तुमच्या बाजूने भांडतो आणि भाईंदरची खाडी ओलांडेस्तोवर तुमच्यावरच उलटलेला असतो. विषय बहुतेक वेळा तोच: नव्या पोराला खेळवा की मुरलेल्या गड्याला ठेवा? आमच्या भागात हा वाद जरा जास्तच रंगतो, कारण दहा-बारा वर्षांत मुंबईला दोन कोवळे सलामीवीर विरारनेच दिले, पृथ्वी शॉ आणि आयुष म्हात्रे. गाडीत मी हा वाद ऐकतो आणि रविवारी आमच्या टेनिस बॉलच्या टीमचे अकरा जण निवडताना स्वतःच घालतो. त्यातून जे गाठीला लागलं ते असं.

१. नव्याला त्याच्या सगळ्यात भारी खेळीने मोजतात, जुन्याला कालच्या खेळीने.

३ मे २०२५ ला आयपीएलमध्ये बंगळुरूत चेन्नईला २१४ धावा हव्या होत्या. सलामीला आमचा आयुष, वय सतरा. भुवनेश्वरकुमारसारख्या जुन्याजाणत्याच्या एका षटकात त्याने पाच चौकार आणि एक षटकार मारला. ४८ चेंडूंत ९४ करून तो परतला. मग शेवटच्या षटकात १५ हव्या असताना त्रेचाळीस वर्षांचा धोनी पायचीत झाला आणि चेन्नई दोन धावांनी हरली. दुसऱ्या दिवशी गाडीत निकाल लागलेला होता: पोराने मॅच आणून दिली, म्हाताऱ्याने घालवली. सामन्यानंतर धोनीने दोष स्वतःकडे घेतला होता, त्यामुळे आमच्या लोकांचं काम आणखी सोपं झालं.

पण सतराव्या षटकात आयुष बाद झाला आणि पुढच्याच चेंडूवर ब्रेव्हिसही गेला, तिथूनच सामना निसटायला लागला होता हे कुणी काढलं नाही. आणि ते बरोबरच होतं, ९४ काढणाऱ्या पोराला आणखी काय मागायचं? अडचण एवढीच, की धोनीने आजवर अशाच षटकांत काढून दिलेले सामने त्या सकाळी कुणाच्या हिशेबात नव्हते. एकाच्या खात्यात फक्त जमा आणि दुसऱ्याच्या खात्यात फक्त खर्च, असा ताळेबंद मांडला की नवा दरवेळी जिंकणारच.

२. नवं पोरगं फार दिवस नवं राहत नाही.

पृथ्वी चौदा वर्षांचा होता तेव्हा, नोव्हेंबर २०१३ मध्ये, त्याने हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ धावा काढल्या. तेव्हापासून आमच्याकडे बॅट धरणाऱ्या प्रत्येक पोराच्या बापाला स्वप्नं पडायला लागली. जानेवारी २०१७ मध्ये राजकोटला रणजीच्या उपांत्य सामन्यात पदार्पण, तामिळनाडूविरुद्ध दुसऱ्या डावात १२०. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा राजकोटला, वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३४. लोकांनी तेव्हाच पुढच्या पंधरा वर्षांची सलामी लिहून टाकली.

झाल्या पाच कसोट्या. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला स्टार्कच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा, दुसऱ्या डावात कमिन्सने पुन्हा त्रिफळा उडवला, आणि भारत ३६ मध्ये गारद. मेलबर्नला शुभमन गिल आला. एकवीस वर्षांच्या पृथ्वीच्या जागी नवं पोरगं आलं होतं! पृथ्वी संपला नव्हता. त्यानंतर लगेच विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा, जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. रणजीत एका डावात याहून मोठी खेळी फक्त भाऊसाहेब निंबाळकरांची, १९४८-४९ मधली नाबाद ४४३. तरी गाडीतलं वाक्य बदललं नाही. ‘वाया गेला,’ एवढंच. तेव्हा त्याचं वय तेवीस.

कोवळेपणाची मुदत कॅलेंडरवर लिहिलेली नसते. पुढचं पोरगं कधी येतं, त्यावर ती ठरते.

३. दोघं एकाच वेळी मैदानात असू शकतात हे कुणाला सुचत नाही.

ऑक्टोबर २०२४, लखनौ, इराणी चषक. मुंबईची सलामी पृथ्वी शॉ आणि आयुष म्हात्रे. दोघंही विरारचे, आयुषचं प्रथम श्रेणीतलं पदार्पण. दुसऱ्या डावात पृथ्वीने ७६ केल्या, कर्णधार रहाणेने पहिल्या डावात ९७, सर्फराजने नाबाद २२२, आणि सत्तावीस वर्षांनी चषक मुंबईत आला. आमच्याकडे त्या आठवड्यात मिरवणूक निघायला हवी होती. निघाला तो वाद: दोघांतला कोण राहणार? काही आठवड्यांतच आयुषने महाराष्ट्राविरुद्ध रणजीत १७६ काढल्या आणि पृथ्वीला मुंबईच्या रणजी संघातून वगळलं. तंदुरुस्ती आणि शिस्त ही कारणं बातम्यांत आली. म्हणजे प्रश्न वयाचा नव्हताच, पण गाडीत तो वयाचाच झाला.

४. आमचा कल पोराकडे असतो तो गाडीमुळे.

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. पहाटेच्या गाडीत किटबॅग घेऊन शिरायचं म्हणजे लगेजचा डबा गाठायचा. तिथे वसईची भाजी, फुलांचे भारे, अर्नाळ्याच्या मासळीच्या टोपल्या आणि त्यांच्या मधे बॅट वर काढून उभं असलेलं पोरगं. बॅगेला टोपलीचं पाणी लागू नये म्हणून ते ती बुटांवर उभी करतं. शेजारची मावशी आधी ओरडते, मग मालाडपर्यंत तीच बॅग सांभाळते. पृथ्वी वडिलांबरोबर असा वांद्र्याला जायचा, आयुषनेही असा प्रवास केला तो आजोबांबरोबर. अशा पोराचं वगळणं आम्हाला स्वतःच्या घरातलं वाटतं. रहाणेही डोंबिवलीचा, त्याने मध्य रेल्वे खाल्लेली आहे. पण आपल्या लाइनचं दुःख ते आपलं.

या हिशेबात शार्दुल ठाकूर मात्र बसत नाही. तो पालघरचा, म्हणजे विरारच्याही पुढचा. मार्च २०२४ मध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध १०९, अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध मुंबई २२४ मध्ये आटोपली त्यातल्या ७५ त्याच्या. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा. त्याला ‘आता नव्यांना जागा दे’ म्हणालेला माणूस मला विरार लाइनवर अजून भेटायचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेने मुंबईचं कर्णधारपद सोडलं आणि ते शार्दुलकडे आलं, तेव्हा डब्यात ‘अनुभव लागतोच’ असं एकमत झालं. सोयीचं तत्त्व, दुसरं काय!

५. मुरलेल्याला काढायला कारण लागत नाही, ठेवायला मात्र दहा द्यावी लागतात.

ॲडलेडच्या ३६ नंतर मेलबर्नला ११२ काढून संघ उभा केला तो रहाणेने. २०२३ च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात भारताच्या पहिल्या डावातल्या सर्वाधिक ८९ त्याच्याच, आणि पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडिजमध्ये त्याची शेवटची कसोटी झाली. ‘टी-ट्वेंटी त्याचा खेळ नाही’ हे तर पाठच झालेलं. २०२४ च्या अखेरीस, छत्तीस वर्षांचा असताना, त्याने सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत ४६९ धावा ठोकल्या आणि मुंबईने ती स्पर्धा जिंकली.

६. डोकं लागतं म्हणून जागा द्यायची, पण पाय बघून.

आमच्या टीममध्ये एक काका आहेत, पन्नाशीला टेकलेले. आम्ही खेळतो त्या मैदानातलं पिच पूर्व-पश्चिम आहे. साडेपाचनंतर पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बॅट्समनच्या डोळ्यांत थेट ऊन येतं. काका टॉसच्या आधी आकाशाकडे एकदा बघतात आणि सांगतात, ‘बॅटिंग घे.’ दुसऱ्या डावात समोरच्यांचे कॅच उडायला लागले की आमच्या पोरांना वाटतं आज बॉलिंग भारी पडतेय.

पण हेच काका सलामीला आले की दोन धावांच्या जागी एकच निघते, आणि पलीकडच्या टोकाचं आमचं कॉलेजचं पोरगं अर्ध्या पिचवरून ओरडत परत जातं. टेनिस बॉलच्या सहा षटकांच्या डावात अशा चार-पाच धावा म्हणजे मॅचच. शेवटी मी त्यांना सहाव्या नंबरवर आणलं आणि पोराला सलामीलाच ठेवलं. काका काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. टॉसला मात्र मी अजूनही त्यांनाच पाठवतो, आणि पोराला सांगून ठेवलंय की ऊन कुठून येतं ते काकांना विचारत जा. ते विचारत नाही. त्याला विचारायची गरज पडलेली नाही, कारण ते सलामीला खेळतं तेव्हा ऊन अजून वर असतं.

७. मोठ्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी निवड समिती नसते, फक्त कर्णधाराचा हात असतो.

२०२४ च्याच त्या रणजी अंतिम सामन्यात मुशीर खान एकोणीस वर्षांचा होता, दुसऱ्या डावात त्याने १३६ काढल्या. विदर्भाची शेवटची विकेट राहिली तेव्हा रहाणेने चेंडू धवल कुलकर्णीच्या हातात दिला, त्याचा तो निरोपाचा सामना होता. विकेट त्यालाच मिळाली आणि मुंबईचं बेचाळिसावं विजेतेपदही. पोराने सामना उभा केला, गड्याने मिटवला.

८. वादाची बाजू कायम नसते, माणसं कायम असतात.

२०२५ मध्ये पृथ्वी महाराष्ट्राकडे गेला. ऑक्टोबरमध्ये चंदीगडविरुद्ध त्याने २२२ काढल्या. दुसऱ्या दिवशी नायगावला चढणारे एक गृहस्थ, जे आयुष आल्यापासून पृथ्वीचं नावही घेत नव्हते, पेपरची घडी घालत म्हणाले, ‘मुंबईने याला सोडायला नको होतं. पोरंबाळं ठीक आहेत हो, पण सलामीला कुणीतरी अनुभवी लागतोच की.’

पृथ्वीला तेव्हा सव्वीसही पूर्ण झालेली नव्हती.