आधी रंग, मग गोंद

आज मॉडेल रेल्वेचा लाकडी मालडबा करू. अमेरिकेत कोलोरॅडोला तीन फुटी रुळांवर असे डबे धावायचे. १:२०.३ प्रमाणात तीन फुटांचे ४५ मिलिमीटर होतात आणि ३० फुटी डबा साधारण ४५ सेंटिमीटरचा. एवढ्या मोठ्या वस्तूत चूक लपत नाही.

माझा पहिला डबा गिऱ्हाइकाने परत केला. मी आधी फळ्या चिकटवल्या, मग जुनाट रंग दिला. गोंद पसरला होता तिथे लाकडाने रंग धरलाच नाही. सगळं पुन्हा केलं, मजुरी माझ्याच खिशातून.

आता क्रम उलटा. फळीवर तारेचा ब्रश रेषांच्या दिशेने फिरवायचा. मग कोरा कडक चहा. तो वाळला की, स्टील वूल दोनेक दिवस भिजवलेलं व्हिनेगर. भांडी घासायची स्टेनलेसची घासणी नको, गंजणारंच हवं. आणि बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होतो. चहातल्या टॅनिनशी लोहाची क्रिया होऊन लाकूड करडं पडतं. दोन्ही बाजूंनी लावा, नाहीतर फळी वाकते. पूर्ण वाळल्यावरच गोंद.

दर काढताना वाळायचा वेळ मजुरीत धरू नका, हात चालले तेवढेच तास धरा. म्हणूनच मी चार डब्यांच्या फळ्या एकदम रंगवतो.